कारो लोकांचा हातभर ढोल

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका ढोलाची हकीकत सांगणार आहे. ढोल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात अडकवलेले मोठे धूड उभे राहते. हा ढोल तसा नाही. लांबीला हातभर, आणि तोंड म्हणाल तर तीन बोटे ठेवली की झाकून जाईल एवढेच. अंग फणसाच्या लाकडाचे, खाली निमुळते होत गेलेले. मांडी घालून बसलेल्या वादकाच्या पायांत तो तिरका टेकलेला असतो आणि दोन बारीक काठ्यांनी वाजतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, हे पोरांचे खेळणे आहे की काय! पण या खेळण्याएवढ्या वाद्यावाचून एका सबंध समाजाचे लग्न, मरण, वास्तुशांत आणि सुगी अडून राहत असे. गेल्या सव्वाशे वर्षांत एकदा त्याला धर्माच्या नावाने गप्प बसवण्यात आले, आणि एकदा विजेच्या पेटीने त्याची जागा घेतली. आता तेच लोक त्याला पुन्हा अंगणात आणू पाहत आहेत. ते कसे, आणि त्यात अडचण कुठे येते, हे समजून घेण्याजोगे आहे.

हे लोक आहेत इंडोनेशियातले कारो. शिक्षकमंडळींनी नकाशा काढावा. आपल्या अंदमान-निकोबार बेटांचे अगदी दक्षिणेचे टोक म्हणजे इंदिरा पॉइंट. तिथून समुद्रापलीकडे फार लांब नाही, तोच सुमात्रा बेटाची सुरुवात होते. त्या बेटाच्या उत्तर भागात मेदान नावाचे मोठे शहर आहे. मेदान सोडून डोंगर चढू लागले, की सुमारे ६५ किलोमीटरवर बेरास्तागी हे गाव लागते. उंची जवळपास आपल्या महाबळेश्वराएवढी, आणि हवाही तशीच गार. भाजीपाला, संत्री, मका, कॉफी अशी पिके तिथे निघतात. एका बाजूला सिबायाक, दुसऱ्या बाजूला सिनाबुंग असे दोन जागते ज्वालामुखी, आणि दक्षिणेला तोबा हे अफाट सरोवर. हा कारो लोकांचा मुलूख. काबानजाहे हे त्याचे जिल्ह्याचे ठिकाण. जिल्ह्याची वस्ती सुमारे ४ लाख; शिवाय मेदानात आणि इतर शहरांत पोटापाण्यासाठी गेलेले कारो पुष्कळ आहेत.

या लोकांच्या भाषेत ढोलाला म्हणतात 'गेंडांग'. पण गंमत अशी, की गेंडांग म्हणजे नुसता ढोल नव्हे. ढोलाला गेंडांग, ढोलासकट सगळ्या वाद्यमेळाला गेंडांग, त्यावर वाजणाऱ्या चालीलाही गेंडांग, आणि ज्या समारंभात तो वाजतो त्या समारंभालाही गेंडांगच. आपण नाही का 'गोंधळ' म्हणतो! गोंधळ घातला म्हणजे देवीचे गाणेही आले, संबळही आले आणि रात्रभराचा कुळाचारही आला. एक शब्द सुटा काढून दाखवता येत नाही. तसेच हे.

या मेळाचे पूर्ण नाव 'गेंडांग लिमा सेडालानेन'. लिमा म्हणजे पाच. एका वाटेने चालणारे पाच, असा त्याचा भाव. पाचांत पहिली 'सारुने', म्हणजे त्यांची सनई. आपल्याकडच्या सुरनाई-सनईच्या कुळातलेच हे नाव आणि हे वाद्य. वादक नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. मग दोन ढोल. एकाचे नाव 'सिंगिंडुंगी', म्हणजे आई, आणि दुसऱ्याचे 'सिंगानाकी', म्हणजे लेकरू. लेकराच्या अंगाला आणखी एक वीतभरही नसलेला ढोल बांधलेला असतो, जणू पाठीवरचे पोर. शेवटी दोन झांजा नव्हेत, तर दोन टांगलेल्या थाळ्या: एक लहान, 'पेंगानाक', आणि एक मोठी, 'गुंग', जिचा घुमारा लांब जातो.

यात कामाची वाटणी कशी असते ती पाहा. लेकरू-ढोल एकच ठेका धरून बसतो, हलत नाही. थाळ्या काळ मोजतात. आणि आई-ढोल मात्र मोकळी असते. समोर नाचणारी म्हातारी दमली आहे की रंगात आली आहे, सनईवाला कुठे वळतो आहे, हे बघत ती आपले बोल बदलते, भरते, सोडून देते. या आई-ढोलावर बसणाऱ्याचे डोळे कातड्यावर नसतात, माणसांवर असतात. ही एक गोष्ट, श्रोतेहो, ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिची गरज लागणार आहे.

हे वादक म्हणजे कोणी हौशी मंडळी नव्हेत. त्यांना 'सियेरजाबातेन' म्हणतात, म्हणजे ज्याच्याकडे हुद्दा आहे तो. आपल्याकडे जत्रेत मानकरी असतात तसा हा मान. आणि तो का, हे कळण्यासाठी कारो समाजाची घडी थोडी उलगडावी लागेल.

कारो लोकांची मुख्य कुळे पाच: कारो-कारो, गिंटिंग, तारिगान, सेंबिरिंग आणि पेरांगिन-आंगिन. साधारणपणे आपल्या कुळात लग्न करायचे नाही हा नियम. त्यामुळे प्रत्येक माणसाभोवती तीन गोट आपोआप तयार होतात. पहिले आपले भाऊबंद. दुसरे आपल्याला मुलगी देणारे घर, म्हणजे बायकोचे किंवा आईचे माहेर. त्यांना 'कालिंबुबु' म्हणतात. तिसरे, आपण ज्यांना मुलगी दिली ते जावयाचे घर, 'आनाक बेरू'. आता आपल्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याचे रुसवे काढता काढता सासऱ्याची पुरेवाट! कारो लोकांत नेमके उलटे. तिथे मान मुलगी देणाऱ्याला. कालिंबुबुला ते 'डोळ्यांना दिसणारा देव' मानतात, आणि देवाला त्यांचा शब्द आहे 'दिबाता'. हा आपला 'देवता' शब्दच समुद्र ओलांडून गेलेला आहे. जावयाकडची मंडळी समारंभात चुलीपासून पंगतीपर्यंत राबत असतात.

हा 'दिबाता' तिकडे एकटा गेला नाही. सेंबिरिंग कुळातल्या पोटकुळांची नावे ऐका: चोलिया, पांडिया, मेलियाला, ब्राह्मणा. चोळ, पांड्य, मलय देश आणि ब्राह्मण यांची आठवण व्हावी अशीच ही नावे आहेत. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूसजवळ लोबू तुआ येथे इसवी सन १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो आहे 'पाचशे' या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्यापारी संघाचा. या संघाचे मूळ गाव कर्नाटकातले ऐहोळे, आणि आपल्या कोल्हापूर-मिरजेकडच्या शिलाहारांच्या काळातल्या लेखांतही त्याचे उल्लेख येतात. कापूर आणि सोने यांसाठी ही माणसे त्या किनाऱ्याला लागत. त्यांच्यातले काही डोंगर चढून कारो समाजात मिसळले असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणून हे लोक आपल्याला नकाशावर परके असले, तरी अगदी अनोळखी नाहीत.

तर आता समारंभ सुरू झाला असे समजा. एखादा म्हातारा माणूस गेला आहे. मुले-मुली सगळी मार्गी लागलेली, नातवंडे अंगणात खेळणारी. अशा कृतार्थ मरणाला ते 'चावीर मेतुआ' म्हणतात, आणि त्या दिवशी रडण्याबरोबर नाचही असतो. वादक बसतात. सनई सुरू होते. आधी घरचे लोक पुढे येतात, मग भाऊबंद, मग कालिंबुबु, मग जावयाकडचे. प्रत्येक गोट आपल्या पाळीला उभा राहतो, हळूहळू गुडघे लववत, हात वळवत नाचतो, आणि नाचता नाचता मेलेल्या माणसाविषयी बोलतो. कोण कोणाचा कोण, हे कुणाला कागदावर वाचावे लागत नाही. ते अंगणात उभे राहिलेले दिसते. आणि या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा तो हातभर ढोल असतो.

सुगीतही तो लागे. कारो गावांत तरुण पोरे-पोरी टोळी करून एकमेकांच्या शेतात राबत. तिचे नाव 'आरोन'. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक म्हणजे हेच. पीक हाती आले, की ही टोळी रात्रीचा मेळा भरवी, तो 'गुरो-गुरो आरोन'. त्यात एक गाणारा आणि एक गाणारी जोडीने उभे राहून सवाल-जवाब करीत, आणि पोरापोरींना मोठ्या माणसांच्या देखत एकमेकांची ओळख होई. गावातल्या कुणाचे कुणाशी जमू शकते आणि कुणाचे नाही, हे नाते-गोत्याचे पाठ तिथे नाचत नाचतच शिकले जात. शिवाय आजार आणि भूतबाधा यांसाठी 'गुरू' नावाचे वैदू-भगत असत. त्यांच्या विधीतही हाच मेळ वाजे, आणि अंगात येई ते याच ठेक्यावर.

नेमके हेच ढोलाच्या मुळावर आले.

१८६३ साली सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर देली भागात डच लोकांनी तंबाखूची लागवड सुरू केली. मळे वाढत वाढत डोंगराच्या पायथ्याला भिडले, कारो लोकांच्या जमिनी गेल्या. १८७२ मध्ये सुंगाल भागात मोठा उठाव झाला आणि त्यात कारो लढले. उठाव मोडला, पण तंबाखूच्या कोठारांना रात्री आगी लागायच्या थांबेनात. तेव्हा मळेवाल्यांनी एक हिशेब केला: हे लोक धर्माने आपलेसे झाले तर शांत बसतील. त्यांच्या पैशावर १८९० साली डच धर्मप्रचारक बुलुह आवार या गावी आले. १९०४ साली डच फौज वर चढली आणि कारो पठारही त्यांच्या राज्यात गेले.

धर्मप्रचारकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, कारो भाषा शिकले. ते त्यांचे काम नाकारता येत नाही. पण ढोलाकडे त्यांनी भुताचे वाद्य म्हणून बोट दाखवले. ज्याच्या ठेक्यावर अंगात येते तो ठेका ख्रिस्ती माणसाला चालायचा नाही, असा दंडक पडला. देवळात युरोपी चालींची गीते आली. म्हणजे झाले काय, की ज्याने नवा धर्म घेतला तो बापाच्या मरणालाही आपल्या नात्यात नीट उभा राहू शकेना. कारण उभे राहायचे ते गेंडांगवर, आणि गेंडांगला बंदी. पुष्कळ वर्षे कारो लोक फारसे ख्रिस्ती झाले नाहीत, त्याची कारणे अनेक असतील. हेही त्यांतले एक असावे, असे मला वाटते. १९४१ साली कारो लोकांचे चर्च डचांपासून स्वतंत्र झाले, पण ढोल दाराबाहेरच राहिला.

मग स्वातंत्र्याची लढाई आली. १९४७ च्या जुलैत डच फौजांनी पुन्हा चढाई केली, तेव्हा शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून कारो लोकांनी आपली गावे आपल्याच हातांनी पेटवली. काबानजाहे जळले, बेरास्तागी जळले. आठ-आठ कुटुंबे एका छपराखाली राहत अशी थोरली लाकडी घरे राख झाली. अशा घरांच्या अंगणांतच गेंडांग वाजत असे. तरी गाणे संपले नाही. सेबेराया गावचा जागा डेपारी हा व्हायोलिन वाजवणारा कवी त्याच काळातला. १९२२ साली जन्मला, १९६३ साली गेला. त्याने कारो वळणाची गाणी रचली, आणि ती आजही कारो माणसाच्या तोंडी आहेत.

पुढचे वळण दुःखाचे आहे. १९६५-६६ साली इंडोनेशियात साम्यवादी म्हणून लक्षावधी माणसे मारली गेली. सरकारमान्य धर्म ज्याच्या नावापुढे नाही, तो संशयित ठरू लागला. कारो लोकांचा जुना धर्म, 'पेमेना', मान्य यादीत नव्हता. झुंडीच्या झुंडी चर्चमध्ये आल्या आणि बाप्तिस्मा घेऊन गेल्या. जे काम पाऊण शतकात झाले नव्हते ते चार-पाच वर्षांत झाले. पण एवढी माणसे आत आली, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा ढोलही उंबऱ्यापर्यंत आला. याच सुमारास चर्चची भूमिका सैल होऊ लागली: भूतबाधेचे विधी नकोत, पण नात्याच्या समारंभात गेंडांग चालेल. ढोल एकदा वाचला.

दुसरे संकट मात्र बाहेरून आले नाही. ते घरातूनच आले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी जासा तारिगान नावाच्या वादकाने विजेवर चालणारा कीबोर्ड कारो मेळात आणला. हा माणूस कोणी उपरा नव्हता. कुलचापी या दोन तारांच्या वाद्याचा तो नामांकित उस्ताद होता. परंपरा त्याच्या बोटांत होती. म्हणूनच तर त्याला त्या यंत्रात लेकरू-ढोलाचा ठेका, थाळ्यांचा काळ, आईचे बोल हे सारे भरता आले. कीबोर्डवर बटण दाबले की पाचही वाद्यांचा भास होई, आणि वर हाताने सनईची चाल वाजवता येई. पहिल्यांदा तो जुन्या मेळाच्या सोबतीला होता. बघता बघता एकटाच उरला. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'गेंडांग कीबोर्ड'.

आणि लोकांना तो का आवडला, हेही बघितले पाहिजे. नुसती नाके मुरडून चालणार नाही. पाच वादक आणायचे, त्यांना जेवूखाऊ घालायचे, मुक्काम करवायचा, त्यापेक्षा एकटा माणूस आणि एक पेटी सोपी. कर्ण्यातून आवाज गावभर जातो. त्यावर जुने ठेकेही वाजतात आणि नवी सिनेमातली, नाचाची गाणीही वाजतात. तरुण पोरे खूष. मुंबई-पुण्याला गेलेला आपला पोरगा गावी आला की त्याला संबळापेक्षा बँजो पार्टी जवळची वाटते, तशातलाच हा प्रकार. मी तर म्हणेन, की त्या कीबोर्डाने एक उपकारही केला. त्याच्यामुळे जुन्या चाली पोरांच्या कानांवरून गेल्या. नाहीतर त्या चालींऐवजी मेदानच्या रेडिओवरची कुठलीही गाणी आली असती.

मग बिघडले कुठे? काही जण म्हणतात, नक्कल आली म्हणून बिघडले. मला ते पटत नाही. कारण कारो लोकांत नक्कल जुनीच आहे, आणि ती फार सुंदर आहे. त्यांच्याकडे 'केतेंग-केतेंग' नावाचे वाद्य आहे. बांबूचे एक जाड पेर घ्यायचे. त्याच्याच सालीच्या दोन बारीक पट्ट्या अंगापासून न तोडता उचलायच्या आणि खाली खुंट्या सारून ताणायच्या, की झाल्या तारा. एका तारेला बांबूची चकती अडकवायची आणि तिच्याखाली पेराला भोक पाडायचे. काठीने वाजवले, की तारांतून ढोल बोलतात आणि त्या चकतीतून गुंगचा घुमारा येतो. एका बांबूत चार वाद्ये! त्याच्या जोडीला कुलचापी, आणि काळ धरायला एक चिनी मातीचा वाडगा, असा तिघांचा लहान मेळ होतो. मोठा मेळ जिथे झेपत नाही तिथे हा वाजे.

आता कीबोर्डही नक्कल करतो आणि बांबूही नक्कल करतो. फरक असा: बांबूवर ठेका धरायला माणसाला तो ठेका यावा लागतो. बांबूवर हात बसला की पोरगा मोठ्या ढोलाकडे जाई. ती नक्कल म्हणजे शाळा होती. कीबोर्डात ठेका एकदा भरला, की पुन्हा कुणाला तो यायची गरज उरत नाही. ज्या उस्तादाने तो भरला त्याला सगळे येत होते. त्याच्यामागून बटण दाबणाऱ्या पोराला त्यातले काही आले नाही तरी कार्य पार पडते. आवाज राहिला, पण हात गेले.

आणि हातांबरोबर डोळे गेले. आई-ढोल वाजवणारा नाचणाऱ्याकडे बघत असतो, असे मी मघाशी म्हणालो. यंत्रातली आई कुणाकडे बघत नाही. म्हातारी दमली तरी ठेका तोच, सासऱ्याचा कंठ दाटून आला तरी ठेका तोच. शिवाय पाच हुद्देदारांच्या जागी एक भाड्याचा माणूस आला, आणि त्याला कुणी हुद्देदार म्हणेना. वादकांची पोरे म्हणू लागली, बाबा, हे शिकून करायचं काय? पोराचा हा प्रश्न आला, की वाद्य एका पिढीत मरते. त्याला कुणी बंदी घालावी लागत नाही.

आता पुन्हा उभारणीचे काम कसे चालले आहे ते सांगतो. मेदानच्या विद्यापीठात लोकसंगीताचा अभ्यास करणारा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या वादकांजवळ बसून बोल लिहून घेतले. परदेशी अभ्यासकांनी ध्वनिमुद्रणे केली. १९८७ साली बर्लिनच्या संग्रहालयाने आणि १९९२ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने कारो गेंडांगच्या तबकड्या प्रसिद्ध केल्या. मेदानात आणि काबानजाहेला कलापथके आहेत, त्यांत मुले-मुली ढोल शिकतात. ज्या चर्चने एके काळी ढोल बाहेर ठेवला, त्याच्याच उत्सवांत आता तो वाजतो, आणि आपण कारो आहोत हे सांगायला लोक तोच पुढे करतात. बेरास्तागीच्या फळा-फुलांच्या उत्सवात त्याला मानाची जागा मिळते.

हे सगळे चांगले आहे, पण पुरेसे नाही. तबकडीत ढोल टिकतो तो मुरंब्यासारखा: टिकतो खरा, पण त्याला पुन्हा मोहर येत नाही. मंचावर टिकतो तो दहा मिनिटांपुरता. पोशाख रंगीत, टाळ्या भरपूर. पण समोर बसलेल्यांत कोण सोयरा, कोण भाऊबंद, याच्याशी त्या ढोलाला काही कर्तव्य नसते. मग आई-ढोलाने बघायचे तरी कुणाकडे?

शिवाय साहित्याचीही अडचण आहे. या ढोलाचे पान जुन्या काळी नापू नावाच्या इवल्याशा हरणाच्या कातड्याचे असे. आपल्या जंगलातली पिसोरी त्याच जातकुळीची. जंगल आटले की हे कातडे कुठून आणायचे? हा प्रश्न एकट्या कारो लोकांचा नव्हे. गोव्यातला घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि घुमटाचे कसे होणार अशी काळजी पडली. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून बघितले, वादकांनी त्या आवाजाशी जुळवून घेतले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून जाहीर केले. म्हणजे कातडे बदलले तरी वाद्य जगू शकते. वाजवणारा बदलून चालत नाही.

आणि गाव? २०१० च्या ऑगस्टमध्ये सिनाबुंग ज्वालामुखी सुमारे चारशे वर्षांच्या झोपेतून जागा झाला. २०१३ नंतर तो वर्षानुवर्षे राख आणि आग ओकत राहिला. पायथ्याची काही गावे कायमची उठली आणि त्यांतल्या लोकांना सिओसार इथे नवी घरे देण्यात आली. नवे घर मिळते, नवे रान मिळते. पण सोयरे आणि भाऊबंद पुन्हा एका अंगणात कोणत्या निमित्ताने जमणार? अशा वेळी ढोलाची किंमत कळते. तो नुसता करमणुकीचा असता, तर त्याच्याशिवाय भागले असते.

म्हणून कारो लोकांतले जाणते जे करू पाहत आहेत ते मला मोलाचे वाटते. ते कीबोर्ड फेकून द्या असे म्हणत नाहीत. रात्रीच्या नाचाला पोरांना तो हवा तर असू द्या. पण चावीर मेतुआच्या दिवशी, कालिंबुबु उभे राहतात त्या घटकेला, पाच माणसे बसवा. त्यांना पाहुण्यांसारखे जेवू घाला, हुद्देदारासारखे बोलवा. एका गावात वर्षातून अशी चार-पाच कार्ये झाली, तरी वादकाच्या पोराला शिकण्याचे कारण मिळते. ढोल वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही. आणि याहून अवघडही दिसत नाही, कारण तो सरकारला करता येत नाही. तो ज्याच्या घरी कार्य आहे त्यालाच करावा लागतो.

श्रोतेहो, गोष्ट सुमात्राची आहे, पण ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्याच गावचा कोणीतरी आला असेल. संबळवाला असेल, हलगीवाला असेल, देवळात पहाटे सनई धरणारा असेल. शिक्षकांनी वर्गात मुलांना एवढेच विचारावे: आपल्या गावात कोण काय वाजवतो, आणि त्याच्या घरी पुढे कोण शिकतो आहे? उत्तरे फळ्यावर मांडली की अर्धे फळे रिकामे राहतील, तो धडा मुलांना वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. आणि बाकीच्यांनी, येत्या जत्रेत त्या वादकाच्या हातावर नारळ ठेवाल तेव्हा घाईने पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि त्याला विचारा, "दादा, पोरगा बसतो का तुमच्यासंगं वाजवायला?" तो काय म्हणतो ते ऐकून घ्या.